खळ, सायझिंग आणि आईची तीन पातळं

"तुझे वडील कुठं असतात?" असं लहानपणी कुणी विचारलं की मी एका शब्दात उत्तर द्यायची, "सायझिंगला." इचलकरंजीत तेवढं पुरायचं. त्यामुळे इथं ओहायोतल्या एका कापडाच्या दुकानात, क्विल्टिंगच्या सामानाच्या फळीवर, स्प्रेच्या डब्यावर तोच शब्द छापलेला दिसला तेव्हा मी डबा हातात धरून एकटीच हसत उभी राहिले. दुकानातली मुलगी दोनदा येऊन मदत हवी का विचारून गेली. तिला काय सांगणार?

इथं वाढलेल्या आपल्या मुलांसाठी थोडं सांगते. मागावरच्या कापडात उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे म्हणजे बाणा. विणताना ताणा सतत खेचलेला असतो आणि फणी त्याच्यावर घासत मागंपुढं होत असते. नुसतं सूत ठेवलं तर त्याची तुसं निघतात आणि धागा तुटतो. म्हणून ताण्याचं सूत आधी गरम खळीतून काढायचं, रुळांमध्ये पिळायचं, वाफेनं तापलेल्या सिलिंडरांवर वाळवायचं आणि मगच बीम मागावर चढवायचा. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. पुढं गावात माग वाढत गेले, तसे खळ देण्याचे वेगळे कारखाने झाले. तेच सायझिंग. खळ मक्याच्या स्टार्चची असे, चिंचोक्याच्या पिठाचीही असे. बाबा घरी आले की शर्टाला तिचा उबट, आंबूस वास यायचा. आम्हा भावंडांना तो बाबांचाच वास वाटायचा.

विणून झालं की खळीचं काम संपतं. नवं कोरं पातळ पहिल्या दोन-चार धुण्यांत मऊ पडतं ते खळ निघून जाते म्हणून. हे मला ठाऊक होतं, पण क्विल्टशी त्याचा संबंध जोडायला मला एक चांगलं पातळ खराब करावं लागलं.

झालं असं. लेकीला दिवस गेल्याचं कळलं, आणि पाठोपाठ तिची फर्माईश आली. बाळासाठी आजीच्या साड्यांची क्विल्ट हवी. "गोधडी नको का गं?" मी विचारलं. "गोधडी आजीची. तू क्विल्ट कर ना ममा, स्टारवाली." ती कोलंबसमध्ये जन्मलेली, म्हणून मी 'ओहायो स्टार' हाच नमुना निवडला. आई इचलकरंजीत असते, चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. नातवंडांतल्या प्रत्येकासाठी तिनं गोधडी शिवली, पण आता तिला सुई ओवता येत नाही, नजर अधू झाली. तिनं तीन सुती पातळं कुणाच्या तरी बॅगेतून पाठवली. एक विटकरी, एक मोरपंखी आणि एक पांढऱ्यावर बारीक काळ्या चौकड्यांचं. सोबत निरोप होता, "एवढीच हायत. जपून काप."

मी जपूनच कापलं. तरी पहिला ब्लॉक फुगलेल्या पुरीसारखा झाला. टेबलावर सपाट बसेना, एक कोपरा दाबला की दुसरा वर येई.

कारण सोपं आहे. ओहायो स्टारच्या एका ब्लॉकमध्ये १६ छोटे त्रिकोण असतात. त्रिकोण कापला की त्याची निदान एक कड तिरकी येते, म्हणजे ताण्याच्याही रेषेत नाही आणि बाण्याच्याही नाही. तिरकं कापड ओढलं की रबरासारखं लांबतं. त्यात तीस वर्षं धुऊन सायीसारखं झालेलं पातळ! शिवणयंत्राच्या दातांनी ते ओढलं, मी इस्त्रीनं ओढलं, आणि पाव इंचाच्या शिवणीत कुठं काय सुटलं याचा पत्ता लागेना. आईच्या गोधडीत ही भानगडच नाही. जुनी लुगडी जमिनीवर अंथरायची, चारी बाजूंनी बायकांनी बसायचं आणि कडेनं सुरू करून धावदोरा घालत आत आत जायचं. कापड जिकडं सरकेल तिकडं टाका त्याच्या मागं जातो. क्विल्टमध्ये उलट, तुकड्यांनी आपल्या मापात राहायचं असतं. मला वाटतं, दोन्ही कलांतला खरा फरक हाच आहे, बाकी ऊब सारखीच.

आमचा क्विल्ट गिल्ड महिन्यातून एकदा एका चर्चच्या तळघरात भरतो. तिथल्या सगळ्यांत वयस्कर बाईंनी माझा ब्लॉक हातात घेतला, तिरका ओढून पाहिला आणि एवढंच विचारलं, "कापण्याआधी स्टार्च केलंस?" मी सायझिंगवाल्याची मुलगी! मान खाली घालून नाही म्हटलं.

त्यानंतर टेबलाभोवती जो वाद झाला तो आपल्याकडच्या पुरणपोळीत गूळ की साखर या वादासारखा होता. काहीजणी स्टार्चवाल्या, काही साइझिंगवाल्या. स्टार्च म्हणजे आपली खळच. तिनं कापड पार कागदासारखं करता येतं. डब्यातलं साइझिंग बहुधा सौम्य असतं, कापडाला थोडा अंगचा ताठपणा देतं. दुकानातून आणलेल्या नव्या क्विल्टिंग कॉटनला तेवढं पुष्कळ होतं. माझ्या पातळांना ते पुरलं नाही, दोनदा मारून पाहिलं.

मग मी घरीच खळ केली. आधी हौसेनं तांदळाच्या पिठाची केली, आणि स्प्रेचं तोंड दहा मिनिटांत तुंबलं. दुसऱ्या खेपेला एक टेबलस्पून कॉर्नस्टार्च गार पाण्यात कालवून दोन कप उकळत्या पाण्यात ओतला, ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवला आणि गाळून घेतला. ही खळ फ्रिजमध्ये चार दिवस टिकते, मग आंबते. स्प्रेचा नाद सोडून मी पातळाचे हातभर लांबीचे पट्टे सरळ खळीत बुडवले, न पिळता दोरीवर टाकले आणि ओलसर असतानाच इस्त्रीला घेतले. इस्त्री फिरवायची नाही. ठेवायची, उचलायची, पुढं ठेवायची. धागे जिथं एकमेकांवरून जातात तिथं खळ त्यांना चिकटवून धरते, म्हणून तिरकी कड लांबत नाही. कापड ओलं झालं की आटतं, तेव्हा आधी खळ आणि मग कापणं, हा क्रम चुकवायचा नाही. स्प्रे वापरत असाल तर कापडाच्या उलट्या बाजूनं मारा आणि खळ मुरायला मिनिटभर द्या. नाहीतर इस्त्रीखाली पांढरे पापुद्रे सुटतात, आणि मोरपंखीवर ते कोंड्यासारखे दिसतात. हेही मी करून पाहिलंय.

एक मात्र खरं, खळीनं विरलेलं कापड नवं होत नाही. उजेडासमोर धरल्यावर जिथं पलीकडची खिडक दिसली तो भाग मी सरळ बाजूला काढला. असं कापड कडक करून दुमडलं तर घडीवरच चिरतं. विटकरी पातळाचा अर्धा पदर तसाच गेला. त्यामुळे बारा ब्लॉकांपैकी दोनच तारे पूर्ण विटकरी झाले.

आईला फोनवर हे सांगितलं तर ती चिडलीच. "बाळाच्या गोधडीला खळ घालतीस? अंगाला टोचंल की गं! आणि कसर लागंल."

"अगं, शिवून झालं की धुणार आहे."

"सगळी निघाली पाहिजे. तुझ्या बाबांच्या धोतरागत ऱ्हायला नको."

तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. खळ ठेवून कापड कपाटात घातलं तर कसरीला मेजवानीच, शिवाय वर्षांनी ते पिवळं पडतं आणि घडीवर तुटतं. इथल्या बायकाही उरलेलं कापड स्टार्चसकट ठेवू नका म्हणून बजावतात.

सप्टेंबरअखेर क्विल्ट पूर्ण झाली, ३६ बाय ४८ इंच, सगळे कोपरे जुळलेले. एक जुळला नाही, तो कुठला ते सांगणार नाही. बाथटबमध्ये कोमट पाणी भरून मी ती बुडवली. पहिलं पाणी गढूळ आणि बोटांना किंचित बुळबुळीत लागलं, आणि वास आला. तोच, शर्टाचा. मी टबच्या काठावर थोडा वेळ बसून राहिले. दुसरं पाणी बरं होतं, तिसरं स्वच्छ. वाळल्यावर सगळी क्विल्ट बारीक सुरकुतली, आणि लांबून पाहिलं तर गोधडीच वाटली.

रात्री आईला व्हिडिओ कॉल केला. तिला नीट दिसत नाही, म्हणून मी रंग सांगत होते. तिनं मधेच थांबवलं.

"गालाला लाव बघू. टोचतीय?"

"नाही गं."

"मग निघाली खळ. आणि ते पयलं फुगलेलं कुठं हाय? टाकलं न्हाईस न्हवं?"

शिवणाच्या डब्यात आहे, म्हटलं.

"पाठवून दे हिकडं. उशाला घीन."