घुमी गाडी आणि बर्फाचा रस्ता

मैत्रिणींनो, बर्फ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? सिनेमातली नायिका, तिची पातळ शिफॉनची साडी आणि मागे पांढरेशुभ्र डोंगर! लग्न होऊन मी सांगलीहून अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात आले, तेव्हा माझ्याही डोळ्यांसमोर हेच चित्र होतं. पहिल्याच हिवाळ्यात ते पार पुसलं गेलं. इथे नोव्हेंबरात बर्फ पडायला लागतो, तो कधी कधी एप्रिलपर्यंत पाठ सोडत नाही. जानेवारीत पहाटे पारा शून्याखाली पंधरा-वीस अंश सेल्सिअसपर्यंत उतरला, तरी कुणाला त्याचं नवल वाटत नाही. अशा थंडीतही मुलांना शाळेत सोडायचं असतं, दूध-भाजी आणायची असते, नोकरी गाठायची असते. दारात रिक्षा मिळत नाही. गाडी आपली आपणच चालवायची!

तुम्ही म्हणाल, आम्हाला इथे बसून बर्फातल्या गाडीशी काय कर्तव्य? पण हल्ली एखादी लेक, भाची नाहीतर सून बर्फाच्या मुलुखात नाही असं घर विरळाच. तिच्या बाळंतपणाला तुम्ही जाता, तिच्या शेजारच्या सीटवर बसता. शिवाय या हायब्रिड गाड्या आता आपल्याकडेही मिळू लागल्या आहेत. तेव्हा ऐकून तर ठेवा.

हायब्रिड म्हणजे एकाच गाडीत पेट्रोलचं इंजिनही आणि विजेची मोटरही. स्वयंपाकघरात गॅस असावा, विजेची शेगडीही असावी, आणि केव्हा काय पेटवायचं ते घरानंच ठरवावं, तसला प्रकार! हळू जाताना बहुतेक वेळा मोटर चालते, जोर लागला की इंजिन धावून येतं. ब्रेक दाबला की वाया जाणाऱ्या वेगातूनही थोडी वीज बॅटरीत जमा होते. जपानात १९९७ साली अशी गाडी बाजारात आली आणि पुढे जगभर पसरली. पेट्रोल वाचतं म्हणून आम्हीही घेतली. सासूबाई इथे आल्या होत्या, त्यांनी दोन दिवसांत तिचं बारसं करून टाकलं. म्हणाल्या, “चालू आहे की बंद, काही कळतच नाही. घुमी आहे मेली!”

त्या घुमेपणाचा अर्थ मला कळला तो संक्रांतीच्या हळदीकुंकवाला.

मैत्रिणीच्या घरून निघायला रात्रीचे नऊ वाजले. मागच्या सीटवर सहा वर्षांची लेक, शेजारी वाण आणि तिळाच्या वड्यांचा डबा. फोन सारखा वाजत होता. “निघालीस का? कुठवर आलीस?” आमचे हे घरी काळजीत. मीही घाई केली. नदीवरचा पूल लागला. रस्ता नुसता ओला दिसत होता. पण तो ओला नव्हता, त्यावर काचेसारखा पारदर्शक बर्फ होता. मी ब्रेकवर पाय दिला तर पायाखाली पेडल थरथरायला लागलं. ब्रेक तुटला या भीतीने मी पाय काढला, पुन्हा मारला, पुन्हा काढला. पूल संपता संपता गाडी गर्रकन अर्धी फिरली आणि मागच्या बाजूने रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन रुतली.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मी देवाचे आभार मानले, ह्यांना फोन केला आणि हीटर चालू ठेवून लेकीला मांडीवर घेऊन बसले. गाडी अगदी शांत होती. वाटलं, इंजिन तर बंदच आहे, मग कसली भीती? पाच-सात मिनिटांत एका गाडीतून एक बाई उतरल्या आणि धावत येऊन काचेवर टकटक करू लागल्या. “आधी गाडी बंद करा! धुराची नळी बर्फात गेलीय!” खरोखरच, मागची नळी ढिगात गडप झाली होती. अशा वेळी इंजिनचा धूर बाहेर न पडता गाडीत शिरू शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. माणसाला झोप लागल्यासारखं होतं आणि ती झोप उतरत नाही. आणि हीटरला ऊब हवी झाली की आमची घुमी गाडी न सांगता इंजिन सुरू करते. बाहेरच्या वाऱ्यात मला त्याचा आवाजही आला नव्हता.

त्या रात्री मी एक गोष्ट पदरात बांधली. गाडी गप्प आहे म्हणजे ती बंद आहे असं कधीही समजू नये. समोरच्या पट्टीवर ‘रेडी’चा दिवा लागलेला असेल, तर गाडी चालूच आहे. बंद गॅरेजमध्ये तर हे दुप्पट लक्षात ठेवा. सामान काढण्याच्या गडबडीत गाडी तशीच ठेवून आत गेलात, तर इंजिन मागाहून आपोआप सुरू होईल आणि धूर घरात शिरेल.

निघण्यापूर्वी

पहिली गोष्ट टायर. पेट्रोल वाचावं म्हणून हायब्रिडला पुष्कळदा सहज घरंगळणारे टायर बसवलेले असतात. कोरड्या रस्त्यावर ते छान, पण बर्फावर त्यांची पकड कमी. शिवाय साधारण सात अंशांच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होत जातं. हिवाळी टायर वेगळे मिळतात, त्यांच्यावर तीन शिखरांचा डोंगर आणि हिमकणाची खूण असते. घ्यायचे तर चारही घ्या. दोनच बदलले तर गाडी पुढे धरते आणि मागे घसरते. थंडीने टायरमधली हवाही उतरते, दर साडेपाच अंशांमागे साधारण एक पौंड. म्हणून हिवाळ्यात दाब वरचेवर तपासावा.

दुसरी गोष्ट, काचेवर गोठलेला बर्फ. सासूबाई एकदा सकाळी कढत पाण्याचं तपेलं घेऊन निघाल्या होत्या. “अगं, एवढं खरवडतेस कशाला? एका तांब्याचं काम!” मी धावत जाऊन अडवलं. गारठलेल्या काचेवर गरम पाणी पडलं की काच तडकते आणि उरलेलं पाणी पुन्हा गोठतं. खरवडणीच बरी. टपावरचा बर्फही पाडावा, नाहीतर ब्रेक दाबताच तो आपल्याच समोरच्या काचेवर येतो. दिवे आणि मागचा कॅमेराही पुसावा. काच धुण्याच्या टाकीत साधं पाणी नको, न गोठणारं हिवाळी पाणी भरावं. पण ते विषारी असतं, सरबतासारखं निळं दिसतं, म्हणून डबा मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

तिसरी गोष्ट मुलांची. जाड फुगीर कोट घालून मुलाला पट्टा बांधू नये. पट्टा घट्ट वाटतो, पण धक्का बसला की कोट दबतो आणि पट्टा सैल पडतो. कोट काढा, पट्टा बांधा आणि वरून पांघरूण घाला. कित्येक हायब्रिड गाड्यांत मागच्या सीटपाशी बॅटरीला हवा देणारी जाळी असते. तिच्यावर शाली, दप्तरं टाकू नका.

आणि हो, मोठ्या बॅटरीखेरीज या गाडीत एक छोटी बारा व्होल्टचीही असते. मोठीत वीज असली, तरी छोटी थंडीने बसली तर गाडी जागीच होत नाही. तीन-चार वर्षं झाली की हिवाळ्याआधी ती तपासून घ्या. नारिंगी रंगाच्या जाड तारांना मात्र कधीही हात लावू नका.

रस्त्यावर

मोटरचा जोर एकदम येतो, म्हणून पाय अलगद टेकवा. दुधावरची साय मोडू नये इतका अलगद! चाकं जागच्या जागी फिरायला लागली की गाडी आपणहून जोर काढून घेते. चढावर मग ती रुसल्यासारखी उभी राहते. ही सोय तात्पुरती बंद करण्याची कळ असेल तर दाबा, हळूहळू बाहेर काढा आणि सपाटीला आलात की पुन्हा चालू करा.

समोरच्या गाडीपासून निदान पाच-सहा सेकंदांचं अंतर ठेवा. पुलावर वेग आधीच कमी करा. पुलाला वरून आणि खालूनही वारा लागतो, म्हणून तो रस्त्याआधी गोठतो. ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरलं तर घाबरू नका. चाकं अडकू नयेत म्हणून गाडीच ती खटपट करत असते. पाय घट्ट दाबून ठेवा, माझ्यासारखी उचल-टेक करू नका. गाडी घसरायला लागली तर पेट्रोलवरचा पाय काढा आणि जायचंय तिकडे बघत चाक हलकेच वळवा. चारही चाकांना जोर देणाऱ्या हायब्रिड गाड्याही मिळतात. त्या निघायला मदत करतात, थांबायला नाही!

पेट्रोल किती वाचतं?

उन्हाळ्याइतकं वाचत नाही, हे आधीच समजून घ्या म्हणजे मनस्ताप नको. हीटरची ऊब इंजिनच्या गरम पाण्यातून येते, त्यामुळे थंडीत इंजिनला फारशी सुट्टी मिळत नाही. बॅटरीही गारठते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकड्यांप्रमाणे शून्याखाली सात अंशांच्या सुमारास छोट्या फेऱ्यांत हायब्रिडचं अ‍ॅव्हरेज ३० ते ३४ टक्क्यांनी घटू शकतं. साध्या गाडीचं घटतं, पण इतकं नाही. यावर गृहिणीचे उपाय तेच : चार कामं एका फेरीत उरका आणि सीट गरम करण्याची सोय असेल तर ती वापरून हीटर थोडा कमी ठेवा. मात्र काचेवरची वाफ काढण्यात काटकसर नको. दिसलं नाही तर वाचलेलं पेट्रोल काय चाटायचंय?

अडकलात तर

टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. गाडीत एक चादर, फावडं, विजेरी, पाणी आणि चाकाखाली टाकायला थोडी वाळू ठेवा. खायला चिवडा उत्तम. लाडू ठेवून पाहिले होते, पण ते दगड झाले!

बर्फात रुतलात तर गाडी सोडून चालत जाऊ नका. आधी गाडी बंद करून धुराच्या नळीभोवतीचा बर्फ काढा. मगच ती सुरू करा, तीही तासाला दहा मिनिटं, आणि वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. बर्फ पडतच असेल तर दर खेपेला नळी पुन्हा पाहा.

त्या रात्री टकटक करणाऱ्या बाईंचं नावही मी विचारलं नाही. तिळाच्या वड्यांचा डबा तेवढा त्यांच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी आमच्या घरात एक नियम झाला. बर्फात बाहेर पडलेल्या माणसाला “कुठवर आलीस?” असा फोन करायचा नाही. निघताना सांगायचं आणि पोचल्यावर सांगायचं, मधे कुणी विचारायचं नाही.

तेव्हा, आयांनो आणि सासूबाईंनो, तुमची लेक-सून तिकडे बर्फात गाडी चालवत असेल तर तिला गाडीचे धडे देऊ नका, ते ती शिकेल. एवढंच सांगा, “बाई गं, उशीर झाला तरी चालेल. सावकाश ये.”