ई-सायकल आणि थंडीची सकाळ

आमच्या निफाड परिसरात डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी ५-६ अंशांपर्यंत उतरतो. द्राक्षबागांना थंडी बाधू नये म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. त्या धुरात आणि धुक्यात मिसळलेल्या एका सकाळी माझे एक जुने रुग्ण सायकलवरून पडले. ते निवृत्त शिक्षक. वय ७३. आम्ही सारे त्यांना गुरुजी म्हणतो. गुडघे दुखू लागल्याने साधी सायकल सुटली होती. मुलाने पेडल असिस्टची ई-सायकल घेऊन दिली आणि गुरुजी पुन्हा तरुण झाले. "घ्या बिनधास्त," असा सल्ला मीच दिला होता. सायकल कोणत्या वेळी चालवणार, हे मात्र मी विचारले नाही.

पडल्यावर त्यांनी गुडघ्याचे खरचटणे धोतराखाली झाकले आणि घरी कोणालाच काही सांगितले नाही. सांगितले असते तर सायकलीची किल्ली मुलाच्या खिशात गेली असती, ही भीती. तीन आठवड्यांनी त्यांचे डोके दुखू लागले, बोलताना शब्द अडखळू लागले. हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे ते रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत. डोक्याला लागलेल्या किरकोळ माराने कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत गेले होते. नाशिकला शस्त्रक्रिया झाली आणि ते बरे झाले.

वाचकहो, ही हकिकत आपल्याला ई-सायकलीपासून दूर करण्यासाठी सांगत नाही. उतारवयात बाहेर पडण्याचे, बाजारहाट स्वतः करण्याचे, कोणाच्या मागे न बसता जाण्याचे हे साधन फार मोलाचे आहे. मोटर पायाला आधार देते, तरी पाय चालतच राहतात आणि हृदयाला झेपेल इतका व्यायाम घडतो. प्रश्न थंडीचा आहे, आणि त्यातही वेळेचा.

थंडीत त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब चढतो. पहाटे उठल्यानंतरच्या काही तासांत तो एरवीही वाढलेलाच असतो. हृदयविकाराचे झटके याच वेळी अधिक येतात. त्यात ताशी २० किलोमीटर वेगाने समोरून येणारा गार वारा छातीवर घेतला की हृदयावरचा भार वाढतो. म्हणून साठीपुढच्या माझ्या रुग्णांना मी आता सरळ सांगतो : हिवाळ्यात सूर्य वर आल्याशिवाय, म्हणजे सुमारे ९ वाजेपर्यंत, सायकल बाहेर काढायची नाही. तोवर धुके विरते, रस्त्यावरचे दव सुकते. उसाच्या हंगामात रात्रभर धावणाऱ्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्याही उजेडात दुरून दिसतात.

दुसरी गोष्ट बहुतेक जण नेमकी उलट करतात. बॅटरी वाचावी आणि व्यायामही व्हावा म्हणून निघताना मोटरचा आधार कमी ठेवतात, जोर लावतात आणि दमल्यावर आधार वाढवतात. गारठलेले स्नायू आणि आकुंचलेल्या रक्तवाहिन्या यांच्यावर असा एकदम भार टाकू नये. पहिली दहा मिनिटे आधार जास्त ठेवा, अंग ऊबदार झाले की हवा तर कमी करा. नुसते थ्रॉटल पिळून पाय स्वस्थ ठेवणेही थंडीत योग्य नाही. शरीरात ऊब निर्माण होत नाही आणि वारा मात्र लागत राहतो. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अकारण धाप जाणवली तर "घरापर्यंत पोहोचू" असे म्हणू नका. थांबा, बसा, फोन करा.

मधुमेही वाचकांनी उपाशीपोटी निघू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना वाटेत घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होऊ शकते. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी असू द्या. ज्यांच्या पावलांना बधिरपणा आहे त्यांना पेडलवरून पाय घसरल्याचे कळतही नाही, म्हणून चपलेऐवजी बंद बूट हवेत. हिवाळ्यात तहान लागत नाही, पाणी कमी पिले जाते आणि सायकलवरून उतरताना चक्कर येते. निघण्यापूर्वी पेलाभर कोमट पाणी प्यावे.

कपड्यांविषयी एकच आग्रह : मफलरचे, शालीचे किंवा पदराचे टोक मोकळे नसावे. चाकात अडकलेल्या मफलरने काय होते, ते मी पाहिले आहे. माकडटोपीवर हेल्मेट नीट बसत नाही. आत पातळ कानटोपी घाला. हातमोजे असावेत, पण ब्रेकची मूठ बोटांना जाणवली पाहिजे.

आता यंत्राकडे वळू. लिथियमच्या बॅटरीतील रासायनिक क्रिया थंडीत मंदावते, म्हणून एका चार्जमध्ये अंतर कमी पडते. बॅटरी बिघडली असे समजून घाबरू नका. परतीचे अंतर मात्र हिशोबात धरा. ई-सायकल जड असते, आणि चार्ज संपलेली अशी सायकल चढावर ढकलत आणणे सत्तरीच्या माणसाचे काम नव्हे. बॅटरी काढता येत असेल तर रात्री घरात ठेवा. बाहेरून आणलेली गार बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये, तासभर घरातल्या उबेत येऊ द्यावी. शून्य अंशाखाली चार्ज केल्यास लिथियमच्या बॅटरीला कायमची इजा होते. आपल्याकडे ती वेळ सहसा येत नाही, पण परदेशी मुलांकडे हिवाळ्यात राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. चार्जर मूळचाच वापरा, अंथरुणाजवळ किंवा दाराच्या वाटेत चार्जिंग नको, आणि सारे झोपले असताना तर नकोच. महिनाभर सायकल वापरायची नसेल तर बॅटरी निम्म्याच्या आसपास भरून ठेवावी.

थंडीत चाकातील हवेचा दाब आपोआप उतरतो; आठवड्यातून एकदा तपासा. दवाने ओलावलेले ब्रेक पहिल्यांदा दाबताना नीट पकडत नाहीत, म्हणून अंगणातच दोनदा दाबून पाहा. साखळीला तेल लावणे दुकानदाराला सांगितले तरी चालेल. वाकून करण्याचा हट्ट नको.

आणि घरातील तरुणांनो, आजोबा पडले तर पहिला प्रश्न "कुठे लागले?" असा असू द्या. किल्ली काढून घेण्याची धमकी दिलीत, तर पुढचे पडणे आपल्याला कळणार नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असलेली व्यक्ती डोक्यावर पडली, तर दिसायला कितीही ठीक असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पुढील काही आठवडे डोकेदुखी, जास्त झोप, बोलण्यात किंवा चालण्यात फरक याकडे लक्ष ठेवा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

मेंदूच्या डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर गुरुजींनी उन्हाळ्यात पुन्हा सायकल धरली. यंदाच्या हिवाळ्यात ते माझ्याकडे साडेनऊला येतात, बॅटरी काढून टेबलाखाली ठेवतात आणि मगच रक्तदाबासाठी बाही वर करतात.