वाचनांत अडखळणारीं मुलें आणि हातांतलें यंत्र

बोलण्यांत चतुर, एकदां ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगणारें मूल पुस्तक हातीं येतांच अडखळूं लागतें, तेव्हां घरांतील वडील मंडळी बहुधा त्यास आळशी ठरवून मोकळी होतात. धाकट्या चुलतभावाशीं त्याची तुलना होते, प्रसंगीं हातही उगारला जातो. हा उघड अन्याय आहे, असें आम्हांस वाटतें. प्रिंगल मॉर्गन ह्या इंग्रज डॉक्टरांनीं १८९६ सालींच एका १४ वर्षांच्या बुद्धिमान मुलाची अशी हकीकत प्रसिद्ध केली होती. आपल्याकडील २०१६ च्या दिव्यांग हक्कांच्या कायद्यानेंही ह्या अध्ययन-अक्षमतेस मान्यता दिली आहे.

अशा मुलांस खिशांत मावणारें यंत्र साह्य करूं शकेल काय? अमेरिकेंत बोस्टनजवळील लँडमार्क शाळेच्या १०३ विद्यार्थ्यांवर मॅथ्यू श्नेप्स व त्यांचे सहकारी ह्यांनीं केलेला प्रयोग २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. मुलांनीं कांहीं मजकूर कागदावर वाचला व कांहीं आयपॉडच्या लहानशा पडद्यावर. पडद्यावर एका ओळींत मोजकेच शब्द मावत. त्यामुळें शेजारच्या शब्दांची गर्दी डोळ्यांस भुलवीत नसे. अक्षरें जुळवून उच्चारतांना ज्यांस फार कष्ट पडत, ते यंत्रावर अधिक वेगानें वाचूं लागले. एका दृष्टिक्षेपांत थोडींच अक्षरें टिपणाऱ्यांस मजकूर अधिक समजला. मात्र हा लाभ सर्वांस सारखा नव्हता.

आपल्या घरीं ह्यासाठीं नवें कांहीं आणावयास नको. असलेल्याच मोबाइलवर अक्षर मोठें करावें, ओळ आखूड ठेवावी. तो मराठी मजकूर मोठ्यानें वाचून दाखवितो व मुलानें तोंडीं सांगितलेलें उतरवूनही घेतो. इतिहासाचा धडा कानांनीं समजला, म्हणजे केवळ जोडाक्षरांपायीं मुलाचें ज्ञान अडून राहत नाहीं. तथापि यंत्र म्हणजे शिक्षक नव्हे. प्रथम तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी, आणि अक्षर व ध्वनि ह्यांचा मेळ पायरीपायरीनें शिकविण्याचें काम चालूच ठेवावें. शिवाय त्याच यंत्रांत खेळांचाही बाजार भरलेला असतो. म्हणून वाचनाच्या वेळीं आजीनें किंवा काकूनें जवळ बसावें, हें बरें.

एक गोष्ट मात्र कोणत्याही यंत्राच्या हातीं नाहीं. रोज ‘मठ्ठ’ म्हणून हिणविलेलें मूल पुढें तें खरेंच मानूं लागतें, आणि मग त्यास कितीही साधनें दिलीं तरी व्यर्थ होतात. तो शब्द आपल्या घरांतून आजच हद्दपार करावा, अशी आमची वाचकांस, विशेषतः वडीलधाऱ्या मंडळींस, आग्रहाची विनंति आहे.