रानवाटेवरील न फुटलेले गोळे



आमच्या शाळेची घंटा म्हणजे तोफेच्या गोळ्याचें रिकामें पितळी नळकांडें होतें. वर्षानुवर्षें तिचे टोले ऐकल्यामुळें तोफेच्या गोळ्याचें मला कधीं भय वाटलें नाहीं. गेल्या वर्षीं मुलाकडे सिडनीस गेलों, तेव्हां हा भ्रम दूर झाला.

सिडनीच्या दक्षिणेस, नौराहून ब्रेडवूडकडे जाणाऱ्या रस्त्यावर टियांजारा नांवाचा धबधबा आहे. त्या बाजूचें पठार मॉर्टन राष्ट्रीय उद्यानांत मोडतें. पूर्वीं तेथें लष्कराच्या तोफांचा सराव चाले. रानांतून पायीं हिंडणें हा तेथील लोकांचा मोठा आवडता छंद. आम्हीही निघालों. माझा नऊ वर्षांचा नातू वाट सोडून चार पावलें आंत गेला आणि ओरडला, "आजोबा, हें पाहा लोखंड!" त्याचा हात पुढें झालाच होता. मुलानें त्याला मारलेली हांक अजून माझ्या कानांत आहे. ती वस्तु बहुधा कुंपणाचा जुना खुंट असावी. पण जवळ जाऊन खात्री करून घेण्याचें आम्हांस धैर्य झालें नाहीं.

गोळा फुटत नाहीं तो कां? तोफ उडतांना बसणारा धक्का आणि गोळ्याचें गरगर फिरणें यांमुळें त्याच्या कळीचे अटकाव सुटतात. मग तो आपटतांच आंतील खिळा दारूवर आदळून स्फोट होतो. जमीन दलदलीची असली, किंवा गोळा झुडपांतून तिरपा घसरला, तर हा खिळा कधीं कधीं वाटेंतच अडकतो. म्हणजे अटकाव तर सुटले, काम मात्र अर्धें राहिलें! पुढचा धक्का मग एखाद्याच्या बुटाचा असेल, तंबूच्या खुंटीचा असेल. किंवा वर पेटविलेल्या शेकोटीची आंचही पुरेल.

गंजला म्हणजे गोळा निकामी झाला, ही समजूत तर फारच घातक. टी. एन. टी. दशकेंच्या दशकें टिकतें. जुन्या गोळ्यांतील पिक्रिक आम्लापासून धातूंच्या संगतींत अधिकच नाजूक क्षार बनतात. धुराच्या बाँबांतील पांढरा फॉस्फरस हवा लागतांच पेट घेतो. शिवाय गंजानें रूप पालटतें. उखळी तोफेचा दोन इंची बाँब नळाच्या तुकड्यासारखा, तर मिल्सचा हातबाँब मातींत पडलेल्या वाळक्या सीताफळासारखा दिसतो. वणव्यानें गवत जळतें, पावसानें माती धुऊन जाते, आणि काल नव्हतें तें आज उघडें पडतें. गतवर्षीं याच वाटेनें सुखरूप गेलों होतों, हा आधार म्हणूनच लंगडा.

ऑस्ट्रेलियाच्या सरकारनें १९९० सालीं अशा जमिनींविषयीं आपलें धोरण ठरविलें. तेथील संरक्षण खातें त्यांची नोंद ठेवतें आणि धोका बराच कीं अल्प हें दाखविणारे नकाशे सर्वांस पाहावयास खुले असतात. निघण्यापूर्वीं ते पाहावे. आंखलेली वाट सोडूं नये.

"वस्तु हातांत घेऊन पाहा, मग बोला," असें मीं जन्मभर मुलांना शिकविलें. त्यामुळें पुढील सांगणें मला जरा जड जातें. संशयास्पद वस्तु दिसली तर तिला हात लावूं नये, काठीनें डिवचूं नये, खडा मारून पाहूं नये, आणि आठवण म्हणून पिशवींत तर मुळींच टाकूं नये. जागेची खूण नीट ध्यानांत ठेवून आल्या पावलीं परतावें व पोलिसांस कळवावें. तेथें तांतडीच्या मदतीचा क्रमांक तीन शून्यें हा आहे. पुढें लष्कराचे जाणकार बोलावण्याचें काम पोलिस करतात. तोंवर मागून येणाऱ्या वाटसरूंस तेवढें थोपवून धरावें.