उपाशी पेशी आणि चरबीचा थेंब

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ असं आलं की घरात तेला-तुपाचा हिशोब सुरू होतो. तो करायलाच हवा. पण यकृताच्या पेशीकडे साठलेली चरबी मोडण्याची स्वतःची एक यंत्रणा असते आणि ती मंदावली तरी चरबी साचत जाते, हे रुग्णाला सहसा कुणी सांगत नाही. ते सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पेशीतली चरबी थेंबांच्या रूपात असते. आत ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉलची संयुगं, भोवती फॉस्फोलिपिडचा एकेरी थर आणि त्या थरावर पेरिलिपिन कुळातली प्रथिनं. हा साठा कसा वापरला जातो? लायपेज नावाची विकरं थेंबाच्या पृष्ठभागावर येतात आणि मेदाम्लं सुटी करतात, एवढंच उत्तर अनेक वर्षं पुस्तकांत होतं.

दुसरी वाट २००९ मध्ये उजेडात आली. तिची पूर्वतयारी मात्र जुनी. बेल्जियमचे शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द दूव यांनी १९५५ मध्ये पेशीतल्या पचनाच्या पिशव्या, म्हणजे लयकारिका, जगापुढे आणल्या. पेशी स्वतःचेच भाग तिथे नेऊन पचवते, त्या क्रियेला त्यांनी १९६३ मध्ये ऑटोफॅजी म्हटलं. जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टला उपाशी ठेवून त्यामागची जनुकं हुडकून काढली आणि २०१६ चं नोबेल मिळवलं. २००९ पर्यंत ऑटोफॅजीचा विचार व्हायचा तो मुख्यतः प्रथिनांच्या आणि झिजलेल्या भागांच्या संदर्भात. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या रजत सिंग, आना मारिया क्वेर्वो आणि सहकाऱ्यांनी यकृताच्या पेशींत ऑटोफॅजी बंद पाडली, तेव्हा पेशींत ट्रायग्लिसराइड साचू लागले. ऑटोफॅजीचं एक जनुक यकृतातून काढून टाकलेल्या उंदरांची यकृतं मोठी आणि चरबीने भरलेली निघाली. चरबी मोडण्याच्या या वाटेला लिपोफॅजी म्हणतात.

उपाशी पेशीत घडतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. ऊर्जा घटली की एएमपीके हे विकर कामाला लागतं आणि पोट भरलेलं असताना ऑटोफॅजीला दाबून धरणारं एमटॉर शांत होतं. टीएफईबी हे प्रथिन केंद्रकात शिरून लयकारिका वाढवणारी जनुकं चालू करतं. इकडे थेंबावरचं पेरिलिपिन दूर केलं जातं, तेही एकेक रेणू लयकारिकेत ओढून नेऊन. हा पहारा उठेपर्यंत लायपेजना आणि ऑटोफॅजीच्या सामग्रीलाही थेंबाला नीट भिडता येत नाही. मग एक दुहेरी पटल थेंबाच्या कडेशी वाढू लागतं. थेंब बारीक असेल तर ते अख्खा गिळतं, मोठा असेल तर त्याचा लचका तोडतं. ही पिशवी लयकारिकेला जाऊन मिळते. तिथल्या तीव्र आम्लात काम करणारं आम्ल-लायपेज चरबी फोडतं आणि सुटलेली मेदाम्लं तंतुकणिकांत जळून ऊर्जा देतात. यीस्टमध्ये तर लयकारिकेचं काम करणारी रिक्तिका थेंब थेट पोटात घेते.

त्याच २००९ च्या प्रयोगांतला एक निष्कर्ष मला सर्वांत अस्वस्थ करतो. दीर्घकाळ चरबीयुक्त आहार दिलेल्या उंदरांमध्ये लिपोफॅजी वाढायला हवी होती. ती घटली. म्हणजे साठा वाढला की तो मोडणारी वाटच आकसते आणि साठा आणखी वाढतो.

सगळ्या पेशी मात्र याच वाटेने जात नाहीत. २०१५ मध्ये जेनिफर लिपिनकॉट-श्वार्ट्झ यांच्या गटाने उंदराच्या गर्भातल्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे संयोजी ऊतीच्या, पेशी उपाशी ठेवल्या. तिथे तंतुकणिकांना मेदाम्लं पुरवली ती थेंबावरच्या लायपेजनी. ऑटोफॅजी उलट पेशीतली पटलं मोडून नवे थेंब भरत होती. उपासमारीत साठा कशाला करायचा? कारण मोकळी मेदाम्लं फार झाली तर तंतुकणिकांना घातक ठरतात. थेंबात बंद केली की धोका टळतो आणि लागतील तशी काढताही येतात.

‘सोळा तास उपाशी राहा, ऑटोफॅजी सुरू’ असे तक्ते मोबाइलवर फिरतात. त्यांवर भरवसा ठेवू नये, हे माझं स्पष्ट मत. बराचसा पुरावा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचा आणि उंदरांचा आहे. उंदराचा चयापचय एवढा वेगवान, की त्याला दिवसभर उपाशी ठेवणं म्हणजे माणसाला कितीतरी अधिक काळ उपाशी ठेवण्यासारखं. माणसाच्या यकृतात ही क्रिया किती वेगाने चालली आहे हे सांगणारी साधी रक्ततपासणी नाही. शिवाय साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेला उपास पेशीच्या लेखी उपास नसतो, स्टार्च पचला की इन्शुलिन वाढतंच. आणि मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्याने असल्या तक्त्यावरून उपास करणं सरळसरळ धोक्याचं आहे.

लिपोफॅजीच्या वाटेवरचं एकच विकर नसेल तर काय होतं, ते वोलमन या दुर्मीळ रोगात दिसतं. लयकारिकेतलं आम्ल-लायपेज जन्मतःच काम करत नाही. बाळाचं यकृत आणि प्लीहा सुजतात, उलट्या-जुलाब होतात, वजन वाढत नाही आणि उपचाराविना ते सहसा वर्षाच्या आतच दगावतं. २०१५ मध्ये अमेरिकेत आणि युरोपात सेबेलिपेज अल्फा या औषधाला मान्यता मिळाली. हे औषध म्हणजे तेच विकर. जनुकीय बदल केलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांतल्या पांढऱ्या बलकात ते तयार होतं. शिरेतून दिल्यावर पेशी ते उचलून लयकारिकेत पोहोचवतात आणि अडकून पडलेली चरबी फुटू लागते. बाळांवरच्या चाचणीत ९ पैकी ६ जणांनी वर्षाचा टप्पा ओलांडला. तुलनेसाठी घेतलेल्या, हा उपचार न मिळालेल्या पूर्वीच्या २१ बाळांपैकी एकही तिथवर पोहोचलं नव्हतं.