विजेची जमिनीतील वाट

नॉर्वे देशात हार्डांगरव्हिडा नावाचे एक विस्तीर्ण, वृक्षहीन पठार आहे. तेथे रेनडिअर जातीच्या हरणांचे रानटी कळप चरत असतात. ऑगस्ट २०१६ मध्ये या पठारावर मेघगर्जनेसह मोठे वादळ झाले. ते ओसरल्यावर एका उतारावर ३२३ रेनडिअर मृत होऊन पडलेली आढळली. वादळात ही जनावरे भीतीने एकमेकांना खेटून उभी राहतात. तशीच ती उभी होती, आणि तशीच कोसळली. प्रत्येक जनावरावर निराळी वीज पडली असेल काय? तसे घडत नाही. मग एवढा मोठा कळप कसा मरण पावला?

याचे उत्तर आकाशात नसून जमिनीत आहे. वीज भूमीवर आदळली म्हणजे तेथेच संपते, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ती जमिनीत शिरून चोहोंकडे पसरते. तळ्यात दगड टाकला असता पाण्यावर वर्तुळे उमटतात आणि दूर जाता जाता क्षीण होतात, तसाच काहीसा हा प्रकार होय. वीज पडलेल्या जागेजवळ जमिनीतील विद्युद्दाब प्रचंड असतो. दूर जावे तसा तो कमी होतो. अशा जमिनीवर जो प्राणी उभा असेल, त्याचा एक पाय अधिक दाबाच्या जागी असतो, तर दुसरा कमी दाबाच्या. दोन पायांत जितके अंतर अधिक, तितका दाबातील फरक अधिक. आणि तितकाच शरीरातून वाहणारा प्रवाहही मोठा.

गाय, बैल, मेंढी यांचे पुढचे व मागचे पाय एकमेकांपासून बरेच दूर असतात. त्यांच्यामधून वाहणाऱ्या प्रवाहाच्या वाटेवर नेमके हृदय येते. मनुष्याच्या शरीरात मात्र असा प्रवाह बहुधा एका पायातून शिरून दुसऱ्या पायावाटे बाहेर पडतो, आणि हृदय त्याच्या वाटेतून सुटते. माळावर कुत्र्याला फिरावयास नेणारा मनुष्य नुसता खाली आपटतो व काही वेळाने सावध होतो, परंतु शेजारचा मुका सोबती पुन्हा उठत नाही, असे घडते ते यामुळेच. दोघांवर एकच आघात झालेला असतो; भेद असतो तो शरीराच्या ठेवणीचा.

विजेचा आघात झालेल्या माणसांपैकी बहुतेक जण वाचतात, हे ऐकून आश्चर्य वाटेल. विजेच्या झोताचे तापमान सुमारे ३०,००० अंश सेल्सिअस असते. परंतु तो क्षणाचा अंशमात्रच टिकतो, आणि प्रवाहाचा बराचसा भाग अंगावरून निसटून जातो. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील वनरक्षक रॉय सुलिव्हन यांच्यावर १९४२ ते १९७७ या काळात सात वेळा वीज पडली, आणि सातही वेळा ते वाचले. तथापि वाचणे म्हणजे सुखरूप सुटणे नव्हे. कित्येकांना पुढे बहिरेपणा, विस्मरण, निद्रानाश अशा व्याधी दीर्घकाळ छळतात.

ज्यांचा मृत्यू ओढवतो, त्यांचे हृदय व श्वास आघातासरशी थांबलेले असतात. अशा वेळी जवळच्या माणसांचे कर्तव्य मोठे असते. वीज पडलेल्या माणसाला शिवल्यास आपल्यालाही धक्का बसेल, या भीतीने लोक दूर उभे राहतात. ही भीती निराधार आहे. मनुष्याच्या देहात वीज साठून राहत नाही. श्वास बंद असल्यास ताबडतोब छातीवर लयबद्ध दाब द्यावा, तोंडाने श्वास पुरवावा आणि वैद्यकीय मदत बोलवावी. मृत वाटलेली माणसे अशा तत्परतेने पुन्हा श्वास घेऊ लागली आहेत.

महाराष्ट्रात वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात विजा विशेष कडाडतात. नेमके त्याच वेळी शेतकरी रानात असतो, आणि धनगर मेंढरे व कुत्री घेऊन माळावर असतो. एकट्या झाडाचा आसरा त्यांना जवळचा वाटतो. परंतु तोच सर्वांत घातक. उंच झाडावर वीज पडते, खोडावरून जवळच्या देहावर झेप घेते आणि मुळांवाटे जमिनीत पसरते. म्हणून गडगडाट कानी येताच पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे बाहेर पडू नये. आसरा दूरच असेल, तर उंचवटा, झाड, तारेचे कुंपण व पाणी यांपासून लांब व्हावे. जमिनीवर आडवे मात्र कधीही पडू नये. दोन्ही पाय जुळवून खाली बसावे. अर्थात हा नाइलाजाचा उपाय आहे. त्याने धोका कमी होतो, टळत नाही.

रेनडिअरच्या कळपाला पायांखालची ही वाट ठाऊक नव्हती. मनुष्याला ती ठाऊक झाली आहे. मेघांची पहिली गर्जना ऐकूनच जो घराकडे वळतो, तो स्वतःबरोबर आपल्या मुक्या सोबत्यांचेही प्राण वाचवतो.