गोठलेल्या तळ्यावर पाऊल ठेवण्यापूर्वी

वसतिशाळेच्या स्मरणिकेत इतिहासाच्या शिक्षकाने बर्फाविषयी लिहावे, याचे अनेक माजी विद्यार्थ्यांना नवल वाटेल. आमच्या गावाकडे बर्फ दिसतो तो रसवंतीत आणि मासळीच्या टोपलीत. परंतु या लेखाचे मूळ आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या प्रश्नात आहे. हा विद्यार्थी आज अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात नोकरी करतो. गेल्या हिवाळ्यात एका गुरुवारी पहाटे त्याचा दूरध्वनी आला. त्याच्याकडे तेव्हा बुधवारची संध्याकाळ होती.

“जयभीम सर. इकडचे तळे गोठले आहे. दीड दिवसात दोन इंच बर्फ धरला. शनिवारी सकाळी ऑफिसातले मित्र बर्फावर बसून मासे धरायला बोलावताहेत. चार इंच बर्फ असला की माणूस चालू शकतो, असे म्हणतात. दीड दिवसात दोन, म्हणजे शनिवारपर्यंत पाचाच्या वर जाईल. जाऊ ना?”

आम्हांला का विचारतोस, असे म्हणता तो उत्तरला, “लेनिनग्राडचा वेढा तुम्हीच शिकवला होता. सरोवरावरून मालमोटारी गेल्या, असे सांगितले होते.” सांगितले होते हे खरे, त्या किती जाड बर्फावरून गेल्या, हे मात्र सांगितले नव्हते. एक दिवसाची मुदत मागून घेतली आणि विज्ञानाच्या सहकाऱ्यांना सोबत घेऊन आम्ही पुस्तके उघडली.

त्याने मांडलेले गणित म्हणजे आपण प्राथमिक शाळेत शिकवतो ते त्रैराशिक. बर्फाच्या बाबतीत ते चुकते, आणि जिवावर बेतेल अशा बाजूने चुकते.

दहावीच्या विज्ञानात पाण्याचे असंगत आचरण शिकवले जाते. ४ अंश सेल्सिअसला पाणी सर्वांत जड असते. थंडी सुरू झाली की वरचे पाणी गार होऊन तळाशी जाते, खालचे वर येते. सगळे तळे ४ अंशांवर आले की मग कुठे वरचा थर आणखी गार होऊन तिथेच राहतो आणि गोठतो. म्हणूनच उथळ तळी आधी गोठतात, खोल सरोवरे कित्येक दिवस मागे राहतात. एकदा बर्फाचा पापुद्रा धरला की पुढची वाढ खालच्या बाजूने होते. गोठणाऱ्या पाण्यातून जी उष्णता बाहेर पडते, तिला हवेत जायला त्या बर्फातूनच वाट काढावी लागते. बर्फ जितका जाड, तितकी ही वाट लांब. आपण गोधडीवर गोधडी घालतो तसे तळे स्वतःच्याच बर्फाने झाकले जाते आणि पुढचे गोठणे मंदावते.

ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ योझेफ स्टेफान यांनी १८९० च्या सुमारास, ध्रुवीय मोहिमांनी नोंदवलेल्या जाडीच्या आधारे हे गणित मांडले. बर्फाची जाडी साठलेल्या थंडीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. जाडी दुप्पट हवी असेल तर थंडी चौपट लागते, तिप्पट हवी असेल तर नऊपट.

‘साठलेली थंडी’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. दिवसाचे सरासरी तापमान शून्याखाली जितके अंश, तितके त्या दिवसाचे ‘अंश-दिवस’. शून्याखाली ५ अंशांचे दोन दिवस म्हणजे १० अंश-दिवस. शून्याखाली १० अंशांचा एक दिवस म्हणजेही १०. मोजणी थंडीच्या पहिल्या दिवसापासून नव्हे, तर तळ्यावर बर्फ धरून टिकला त्या दिवसापासून करायची. मिनेसोटात तापमान फॅरनहाइटमध्ये सांगतात. ते ३२ मधून वजा करून १.८ ने भागले की आपले अंश मिळतात.

याचा उत्तम पुरावा आम्हांला लेनिनग्राडच्याच इतिहासात सापडला. १९४१ च्या नोव्हेंबरात वेढलेल्या शहरात मुलांना आणि अवलंबितांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता, आणि लादोगा सरोवर कधी गोठते याकडे सारे डोळे लावून बसले होते. तेथे धरलेला हिशेब असा: १० सेंटीमीटर बर्फास शून्याखाली ५ अंशांत ६४ तास, १० अंशांत ३४ तास आणि १५ अंशांत २३ तास लागतील, ३० सेंटीमीटरला मात्र शून्याखाली ५ अंशांत २४ दिवस आणि १५ अंशांत ८ दिवस. वाचकांनी हे गुणून पाहावे. १० सेंटीमीटरला तिन्ही वेळा १३ ते १४ अंश-दिवस येतात. ३० सेंटीमीटरला दोन्ही वेळा बरोबर १२०. तिप्पट जाडी, नऊपट थंडी! २० नोव्हेंबरला घोड्यांच्या घसरगाड्या निघाल्या, २२ ला मालमोटारी. त्याही अगदी थोड्या पोत्यांनिशी.

आता आमच्या विद्यार्थ्याचे तळे. दीड दिवसात दोन इंच, तर चार इंचांना चौपट म्हणजे सहा दिवस. तेही थंडी तशीच टिकली तर. शनिवारी सकाळी चारच दिवस भरतात आणि जाडी येते सव्वातीन इंच. त्याचे त्रैराशिक पाच इंचांवर सांगत होते.

एवढ्यावर थांबता आले असते तर बरे झाले असते. पण मधे हिम येते. ताजे भुसभुशीत हिम बर्फाच्या मानाने उष्णता विसाव्या हिश्शाइतकीच वाहून नेते; ती खरी जाड गोधडी. म्हणून अभियंते अंश-दिवसांच्या वर्गमुळाला परिस्थितीनुसार वेगळ्या अंकाने गुणतात. वाऱ्याने हिम उडून जाणारे उघडे सरोवर असेल तर सुमारे २.७, हिमाने झाकलेले साधे तळे असेल तर १.७ ते २.४; उत्तर सेंटीमीटरमध्ये येते. ३० अंश-दिवस साठले असतील तर पहिल्या सरोवरात जवळजवळ १५ सेंटीमीटर, दुसऱ्यात कदाचित ९. थंडी तीच, पण एकीकडे माणूस निर्धास्त चालेल आणि दुसरीकडे त्याने पाऊलही ठेवू नये. शिवाय अगदी पातळ बर्फाच्या बाबतीत हे सूत्र जरा जास्तच आशावादी असते.

हिमाचा दुसरा उपद्रव असा की त्याच्या वजनाने बर्फ खाली दबतो, भेगांतून पाणी वर येते, हिमाचा लगदा होतो आणि तोच गोठून पांढरा बर्फ बनतो. स्वच्छ, काळसर दिसणाऱ्या बर्फाच्या मानाने त्याची ताकद निम्मीच धरतात. मिनेसोटाचा नैसर्गिक संसाधन विभाग चालण्यासाठी चार इंच सांगतो तो स्वच्छ बर्फ. पांढरा असेल तर आठ.

चारच इंच का, हा प्रश्न आम्हांलाही पडला. कॅनडाचे लॉर्न गोल्ड यांनी १९७१ मध्ये दिलेल्या सूत्रानुसार, सेंटीमीटरमधील जाडीचा वर्ग करून ३.५ ने गुणले की स्वच्छ बर्फाला पेलणारे वजन किलोग्रॅममध्ये मिळते. १० सेंटीमीटरला ३५० किलो. दोन इंच म्हणजे ५ सेंटीमीटरला फक्त ८७. एक माणूस आणि त्याचे सामान, बस. पुढे एखाद्या ठिकाणी बर्फ अर्धा इंच जरी कमी निघाला तरी संपले. चार इंचांत ही चूक पचते.

आणि बर्फ कमी निघतोच. ओढ्याच्या मुखाशी, तळाच्या झऱ्यांवर, अरुंद खिंडीत, पाणपक्ष्यांनी उशिरापर्यंत मोकळ्या ठेवलेल्या जागी तो पातळ असतो. मार्च-एप्रिलमध्ये तर जाडीवरही विसंबता येत नाही; उन्हाने बर्फ उभ्या कांड्यांत सुटा होतो, फूटभर जाड असूनही पायाखाली विस्कटतो. वारा ही आणखी वेगळी गोष्ट. २८ नोव्हेंबर २०२२ रोजी मिनेसोटातील अप्पर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटला आणि सुमारे २०० मासेमार त्यावर अडकले. सर्वांची सुटका झाली.

तेव्हा गणित सांगते ते एवढेच, की मोजायला कधी जायचे. प्रत्यक्ष जाडी पहार आणि गिरमिटच सांगतात. लोखंडी पहारेने पुढचा बर्फ ठोकत जायचे, गिरमिटाने भोक पाडायचे, आत पट्टी घालून तिचे टोक खालच्या कडेला अडकवून मोजायचे. दर दीडशे फुटांवर पुन्हा. गळ्यात दोन टोकदार दांडके अडकवलेले असावेत, कारण पाण्यात पडलेल्याला ओल्या निसरड्या कडेवर नुसत्या बोटांनी वर येता येत नाही. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेक्ट सांगतात त्याप्रमाणे, अशा वेळी पहिले एक मिनिट केवळ श्वास सावरायचा. हातपाय उपयोगी चालतात ती साधारण दहा मिनिटे. शुद्ध हरपायला तासभर लागतो. पुष्कळ लोक पहिल्याच मिनिटात घाबरून पाणी गिळतात. आलो त्याच बाजूला वळावे, कारण तिथला बर्फ आपले वजन पेलून चुकलेला असतो. पाय मारत पोटावर सरकावे आणि वर आल्यावर उभे न राहता लोळत दूर जावे.

शुक्रवारी आम्ही हे सारे त्याला सांगितले. “सर, इथले लोक लहानपणापासून जातात,” तो म्हणाला. अनुभवाचा आम्ही आदरच करतो. पण त्या मित्रांनी यंदाचे तळे मोजले आहे का, एवढे विचार, असे सुचवले. त्यांनी मोजले नव्हते. शनिवारी किनाऱ्यालगत गिरमिट चालवले तर तीन इंच भरले, आणि मंडळी घरी परतली.

पुढच्या शनिवारी ते गेले. त्याने पट्टीची छायाचित्रे पाठवली आहेत. पहिल्या भोकात साडेचार इंच, दुसऱ्यात पावणेपाच. तिसरे ओढ्याच्या दिशेला होते. तिथे पट्टी अडीच इंचांवर अडकलेली दिसते. त्या फोटोखाली त्याने लिहिले आहे, “येथून मागे फिरलो.”